मळमड्डीच्या पंगतीतलं ब्रिंदिस

समस्त वाचकवर्गास, आणि विशेषतः ज्यांनी आयुष्यात एकदा तरी पंगतीत शेजारच्याच्या पानावर पाणी सांडलं आहे अशा सज्जनांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येतं की, स्पॅनिश भाषेतला एक शब्द मुळात जर्मन आहे. ही गोष्ट वेळेवर कळली नसती तर धारवाडच्या मळमड्डीत वाढलेल्या पानांवर एक पंगत मोडली असती. पंगत मोडणं आणि लग्न मोडणं यांत आमच्याकडे फारसा फरक करत नाहीत, म्हणून ही जाहीर सूचना.

मी राहते नाशिकला. विमा कंपनीत नोकरी करते आणि संध्याकाळी हौशी नाटकांत सासूची, राणीची किंवा दोन्हींची कामं करते. दोन हजार चार सालच्या डिसेंबरात मी भाचीच्या लग्नासाठी धारवाडला जाऊन आले. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की मी बसले, हलले आणि उतरले.

मळमड्डी

माझी धाकटी बहीण शकू धारवाडला दिलेली आहे. तिचे यजमान म्हणजे अप्पा. त्यांना घरातले, गल्लीतले, रिक्षावाले आणि माजी विद्यार्थी सगळे अप्पाच म्हणतात, म्हणून मीही म्हणते. अप्पांनी सगळी हयात शाळेत संस्कृत शिकवलं. निवृत्त झाल्यावरही ते रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घ तपासत जातात. मळमड्डीत असे निवृत्त मास्तर घरटी एक सापडतील, पण अप्पांसारखा शब्दाचा पक्का माणूस मी दुसरा पाहिला नाही. एकदा 'नाही' म्हणाले की ते 'नाही' गावात शिळेवर कोरून ठेवावं.

त्यांची मुलगी मुक्ता इंजिनिअर. हुबळीला गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात ती कामाला होती. तिथे स्पेनहून एक यंत्र आलं आणि ते बसवायला आंद्रेस नावाचा एक उंच, हसरा मुलगा आला. यंत्र सहा महिन्यांत बसलं. मुलगा बसला तो उठेचना. पुढचं तुम्हाला समजलं असेलच.

मला वाटलं होतं, अप्पा या लग्नावरून आकाशपाताळ एक करतील. तसलं काही झालं नाही. जावई परदेशी आहे, असू दे, म्हणाले. घरी मांस खातो, त्याच्या घरी खाऊ दे. मुक्ताला विचारलं, तुला पटलाय का. ती हो म्हणाली आणि विषय संपला. शेजारच्या बायकांनी महिनाभर पुरेल अशी चर्चा राखून ठेवली होती, ती वाया गेली.

अडलं ते एका पेल्यावर.

आंद्रेसचे वडील लग्नासाठी आले होते. त्यांचं नाव रामोन. गावाकडचे गुरांचे डॉक्टर, आता निवृत्त, पांढऱ्या मिशा आणि हात असे की बैलाची शिंगं धरून त्याला शांत करतील. मळमड्डीने त्यांना दुसऱ्याच दिवशी 'रामण्णा' करून टाकलं. भाजीवाली रामण्णा म्हणे, रिक्षावाला रामण्णा म्हणे, आणि ते सगळ्यांना छातीवर हात ठेवून वाकून उत्तर देत. त्यांनी येताना गावची वाइन आणली होती, एकच बाटली, गवतात गुंडाळलेली. त्यांच्याकडे लग्नाच्या जेवणात मुलाचा बाप उभा राहतो, पेला उंच धरतो, दोन शब्द बोलतो आणि मग सगळे पितात. त्याला म्हणतात ब्रिंदिस. त्याशिवाय जेवण म्हणजे नुसतं पोट भरणं.

आंद्रेसने हे मुक्ताला सांगितलं, मुक्ताने आईला, आईने अप्पांना. अप्पा वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणाले, "पंगतीत पेला वर गेला की मी पानावरून उठणार."

ज्यांच्याकडे आता टेबल-खुर्चीवर जेवणं होतात त्यांना या वाक्याचं वजन कळणार नाही. पंगतीत एक माणूस मध्येच उठला की पंगत उठते. त्यातून मुलीचा बाप उठला, तर कुणाचा हात पानाकडे जाईल?

मी वाद घालून पाहिला. म्हटलं, अप्पा, आपण पंगतीत श्लोक म्हणतोच की. एक जण खड्या आवाजात म्हणतो, बाकीचे शेवटी गजर करतात. त्यांचंही तसंच समजा. अप्पा म्हणाले, श्लोक म्हणणाऱ्याच्या हातात दारू नसते.

बाटली त्यांनी घरात ठेवू दिली नाही. मुक्ताने ती गुपचूप अप्पांच्याच स्कूटरच्या डिकीत ठेवली. का, असं विचारल्यावर म्हणाली, मावशी, अप्पा सगळं घर तपासतील, स्वतःची डिकी कशाला बघतील? हिला नाटकात घ्यायला हवं होतं.

शकूचं स्वयंपाकघर

दुपारी शकूने मला ज्वारीची भाकरी, भरल्या वांग्यांची एण्णगाई आणि शेंगांची चटणी वाढली. नाशिकला आम्ही वांगी भरतो, नाही असं नाही. पण धारवाडची वांगी भरताना बायका त्यात मसाल्याबरोबर थोडी दुष्टबुद्धीही घालत असाव्यात, कारण तिसरं वांगं नको म्हणण्याची ताकद माणसात उरत नाही. मी बोटं चाटत असताना शकूने मला खरी गोष्ट सांगितली.

शकूचं लग्न झालं तेव्हा मी बाळंतपणाला अडकले होते, गेले नव्हते. त्या लग्नात अप्पांचे थोरले भाऊ, दत्तूअण्णा, पिऊन आले होते. सगळी पानं वाढून झाली होती. दत्तूअण्णा पंगतीच्या मधोमध पेला घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या भावासाठी दोन शब्द बोलतो. ते दोन शब्द काय होते ते शकूने मला अजूनही सांगितलेलं नाही. तिचे सासरे उठले, मागोमाग सगळे उठले. वाढलेली पानं तशीच गाईंपुढे गेली. त्यानंतर दत्तूअण्णा फार वर्षं जगले नाहीत.

"दारूचा राग असता तर मी समजूत घातली असती गं," शकू म्हणाली. "ह्यांना पेला दिसला की अण्णा दिसायलेत. त्याला काय करायचं सांग की."

मी हात धुतला आणि मनाशी ठरवलं, की ही पंगत मी उठू देणार नाही. कशी, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण पडदा उघडायची वेळ झाली आणि संवाद पाठ नसले की माझी बुद्धी फार चालते, हा माझा अनुभव आहे.

गोकुळ रोड

दुसऱ्या दिवशी मुक्ता आणि आंद्रेस आम्हाला कारखाना दाखवायला घेऊन गेले. यंत्र मोठं होतं, हिरवं होतं आणि आवाज करत होतं. याहून अधिक तपशिलाची माझ्याकडून अपेक्षा करू नये. बाहेर आल्यावर समोरच्या टपरीवर आम्ही गिरमीट खाल्लं. चुरमुरे चिंच-गुळाच्या पाण्यात कालवून वर कांदा आणि डाळं घालतात, सोबत मिरची भजी. आपल्याकडच्या भडंगाचं हे ओलं, लाडावलेलं भावंड. रामण्णांनी पहिली मिरची खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, आणि बैलाला शांत करणाऱ्या त्या माणसाने दुसरी मिरची उचलली. मला ते तिथेच आवडले.

मग चहा. इथे एक गंमत आहे, ती नाशिककरांनी नीट ऐकावी. या भागात कुणी अख्खा चहा मागवत नाही. 'बाय-टू' मागवतात, म्हणजे एका चहाचे दोन ग्लास. हे काटकसरीसाठी असतं असं मला आधी वाटायचं. तसं नाही. पैशाला कमी नसलेली माणसंही बाय-टूच पितात. अर्धा चहा समोरच्याच्या हातात गेल्याशिवाय स्वतःच्या अर्ध्याला चव येत नाही, असा काहीतरी त्यांचा हिशेब आहे.

आंद्रेसने एक ग्लास वडिलांना दिला, एक मला. आणि रामण्णांनी तो बोटभर चहाचा ग्लास उंच धरला, माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी म्हणाले. टपरीवरच्या लोकांना काय वाटलं कुणास ठाऊक. दोन फिटर, एक ट्रकचा ड्रायव्हर आणि पानवाला, सगळ्यांनी आपापले ग्लास उंच धरले. मीही धरला. तिथे कुणाचं काही बिघडलं नाही.

मी आंद्रेसला विचारलं, ब्रिंदिस टाळता येणार नाही का? तुझे बाबा इतके भले आहेत, समजून घेतील. आंद्रेसने ग्लास खाली ठेवला. मग त्याने सांगितलं, ते मुक्ताने मला मराठीत सांगितलं. त्याची आई पिलार दोन वर्षांपूर्वी वारली. शेवटच्या दिवसांत तिने नवऱ्याकडून कबूल करून घेतलं होतं, की पोराच्या लग्नात ब्रिंदिस तुम्ही करायचं आणि त्यात माझंही नाव घ्यायचं, म्हणजे मी तिथे असेन. रामण्णा ती बाटली त्यासाठी एवढ्या लांब घेऊन आले होते.

एकीकडे गेलेला भाऊ, दुसरीकडे गेलेली बायको, आणि मध्ये एक पेला. मी चहा संपवला. मग मास्तरांच्या घरात चालेल असा एकच मार्ग मला सुचला. शब्दाचं मूळ शोधायचं. अप्पा माणसाचं ऐकणार नाहीत, पण धातू आणि प्रत्ययांपुढे त्यांची मान वाकते.

रामण्णांना विचारलं, हा शब्द कुठून आला? ते म्हणाले, कुठून म्हणजे, स्पेनमधूनच, आमच्या आजोबांच्या आजोबांपासून आहे. आपण बटाट्याबद्दल आणि बादलीबद्दल असंच म्हणतो, आणि दोन्ही शब्द निघतात पोर्तुगीजांचे, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवला नाही.

क्षणभर माझ्या मनात असंही आलं, की हा शब्द संस्कृतातलाच आहे म्हणून ठोकून द्यावं. पुण्यात दोन व्याख्यानांना टाळ्या पडल्या असत्या. पण अप्पांपुढे खोटी व्युत्पत्ती म्हणजे सोनाराच्या दुकानात पितळ विकायला नेणं.

चर्चच्या मागे

मुक्ता म्हणाली, हुबळीत रोझी टीचर आहेत. कारखान्यातली जी मुलं जर्मनीला शिकायला जातात, ती त्यांच्याकडे भाषा शिकतात. स्पॅनिशही त्यांना येतं. मग वाट कशाला बघायची? तिथूनच आम्ही रिक्षा केली. रामण्णांना आंद्रेसबरोबर परत पाठवलं.

एका जुन्या चर्चच्या मागे कौलारू बैठं घर. रोझी टीचर सत्तरीच्या, कडक इस्त्रीची सुती साडी, मांडीवर मांजर. दार उघडताच त्यांनी आमचं जेवण झालं का विचारलं, मग बसवलं, मग चहा आणला. आमच्या दोघींत एक. त्यांच्या घरीही बाय-टू.

त्यांच्या आजोबांनी जर्मन पाद्र्यांकडून भाषा घेतली होती. धर्म घेतला, विणकाम घेतलं, भाषा घेतली. पाद्री गेले, पण भाषा घरात राहिली. मी प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी एक जाडजूड कोश काढला, पान उघडलं आणि चष्म्यातून माझ्याकडे बघत हसल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. चार-पाचशे वर्षांपूर्वी एकच बादशहा स्पेनवर आणि जर्मन मुलखावर राज्य करत होता. त्याच्या फौजेत जर्मन भाडोत्री शिपाई होते आणि स्पॅनिश शिपाईही होते. लढाया झाल्या की दोन्हीकडचे एकत्र बसून प्यायचे. जर्मन शिपाई पेला उचलून दुसऱ्याला म्हणायचा, 'इश ब्रिंग दिर्स.' शेजारच्यांनी शेवटचे दोन शब्द उचलले आणि घरी नेले. कोशकार ब्रिंदिसचं मूळ ते हेच मानतात.

"अर्थ काय त्याचा?" मी विचारलं.

टीचरनी बोटांवर एकेक शब्द मोजून दाखवला. "मी. आणतो. तुला. हे. संपलं. यात दारू कुठं आहे दाखवा."

मी खुर्चीतच टाळी वाजवली. मांजर उठून गेलं. मी हे तुझ्यासाठी आणतो आहे! याहून निर्मळ वाक्य कुठल्या श्लोकात असेल? मी म्हटलं, झालं, आता शिपायांची गोष्ट गाळते आणि अर्थ तेवढा सांगते.

रोझी टीचरनी कोश मिटला. त्या म्हणाल्या, बाई, गाळू नका. मास्तर आहेत ना ते? गाळलेलं मास्तरांना आधी दिसतं. आणि अजून एक आहे, तेही सांगा. हे म्हणणारा आधी स्वतः एक घोट घ्यायचा आणि मग तोच पेला पुढे करायचा.

मुक्ता आणि मी एकमेकींकडे बघितलं. दारू होतीच. त्यात आता उष्टं आलं.

परत मळमड्डी

संध्याकाळी अप्पा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. बादशहा सांगितला, शिपाई सांगितले, ते पीत होते हेही सांगितलं. ही माझ्या आयुष्यातली सर्वांत प्रामाणिक भूमिका. प्रेक्षक एकच, आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नव्हती. शेवटी मी वाक्य म्हटलं, अर्थ सांगितला, आणि मग मान खाली घालून उष्ट्याचंही सांगून टाकलं.

अडकित्ता थांबला.

"आधी स्वतः पितात?"

"हो."

"मग दुसऱ्याला देतात?"

"हो."

अप्पांनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चघळला. "तुझ्या शिपायांचं वाक्य चांगलं आहे, मालती. पण वागणं त्याला धरून नाही. 'तुझ्यासाठी आणतो' म्हणायचं आणि आधी स्वतःच पीत बसायचं, ह्याला काय अर्थ?"

एवढं बोलून ते संध्येला बसायला आत गेले. मी शकूला म्हटलं, हरले. शकू म्हणाली, हरायलीस कशाला? ह्यांनी वाक्य चांगलं आहे म्हटलं ना? मला तर लग्न झाल्यापासून एकदाही म्हणाले नाहीत.

तरीही मी हार मानणार नव्हते. मी आंद्रेसला बोलावून त्याच्याकरवी वडिलांना निरोप दिला: लग्नात पेला उचलू नका, बाटली मागू नका, हवं तर नंतर गोकुळ रोडच्या टपरीवर सगळे मिळून ब्रिंदिस करू. रामण्णांनी ऐकून घेतलं. छातीवर हात ठेवला, मान हलवली. पण पुढे जेवताना शकूने आग्रहाने वाढलेला पेढा त्यांनी तसाच ठेवला. धारवाडचा पेढा ताटात तसाच राहतो तेव्हा माणसाच्या आत काय चाललं असेल हे वेगळं सांगायला नको.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी अप्पा भाजी आणायला म्हणून स्कूटर घेऊन गेले. डिकीत बाटली, तिच्यावर अप्पा. मी आणि मुक्ता दाराच्या आडून बघत होतो. तास झाला, दोन झाले, उन्हं डोक्यावर आली. परत आले तेव्हा पिशवी रिकामी होती. शकूने भाजीचं विचारलं, तर म्हणाले मिळाली नाही. डिसेंबरात, धारवाडात, भाजी मिळाली नाही.

मग आत जाता जाता मुक्ताला म्हणाले, "डिकीत काहीतरी खडखडायलंय. रस्ता खराब आहे. टॉवेलात गुंडाळून ठेव."

मुक्ता हातातलं सूप घेऊन तशीच उभी राहिली. मी जन्मात पहिल्यांदा संवाद विसरले.

पंगत

लग्न सकाळी कचेरीत नोंदवून झालं, मग अंगणातल्या मांडवात सप्तपदी. आंद्रेस धोतर सावरत सात पावलं अशी चालला, की मागच्या रांगेतल्या आजीबाईंनी पोरगा चांगल्या घरचा असल्याचं जाहीर केलं. मग पहिली पंगत बसली.

केळीची पानं, रांगोळ्या, पाट. रामण्णांना पाटावर बसवलं तेव्हा त्यांचे गुडघे कानापर्यंत आले; नाकतोडा लग्नाला आल्यासारखे दिसत होते. त्यांच्या शेजारचा पाट अप्पांचा. व्याह्यांना एकटं वाटू नये म्हणून अप्पा या पंगतीत बसणार आणि पाणी घालायला त्यांचे चुलतभाऊ उभे राहणार, असं ठरलेलं होतं. आमच्यात पानं वाढून झाली की घरचा माणूस तांब्या-पळी घेऊन पंगतीतून फिरतो आणि प्रत्येकाच्या तळहातावर पळीभर पाणी घालतो. ते पाणी प्यायलं की मग घास. त्याला आपोष्णी म्हणतात. ती मिळेपर्यंत कुणी पानाला हात लावत नाही.

कोशिंबीर, चटण्या, चित्रान्न, सारू, भात, सगळं वाढून झालं. तूप पडलं. आणि अप्पांचा पाट रिकामाच.

मला वाटलं, त्यांनी उठायचीही वाट बघितली नाही. बसायलाच आले नाहीत. पंगतीत कुजबुज सुरू झाली. आंद्रेसने बापाकडे पाहिलं. रामण्णा दोन्ही हात मांडीवर ठेवून समोरच्या भाताकडे बघत होते. मी शकूकडे पाहिलं तर तिने पदर तोंडाला लावलेला. तीस वर्षांपूर्वीची पानं तिला दिसत होती, हे मला स्वच्छ कळलं.

तेवढ्यात मांडवाच्या टोकाला मला एक कडक इस्त्रीची रेशमी साडी दिसली. रोझी टीचर पाटावर मांडी घालून ऐटीत बसल्या होत्या. मी धावतच गेले. म्हटलं, तुम्ही? त्या म्हणाल्या, काल मास्तर स्वतः स्कूटरवरून आमंत्रण द्यायला आले होते. बाय-टू घेतला. बराच वेळ बसले. अभ्यास केला.

मी विचारणार होते, कसला अभ्यास, तर आतून अप्पा आले. सोवळं नेसलेले, डाव्या हातात चांदीचा तांब्या, उजव्या हातात पळी. चुलतभावाला त्यांनी बाजूला केलं होतं. ते स्वतःच पाणी घालत निघाले, पहिल्या पानापासून, एकेक करत, कुणालाही न चुकवता. जावयाच्या तळहातावर घातलं. मग ते रामण्णांसमोर आले.

रामण्णांनी शिकवल्याप्रमाणे उजवा हात पुढे केला. अप्पांनी पळी भरली. आणि वेदमंत्राला लावावा तसा स्वर लावून, एकेक अक्षर सुटं करत, ते म्हणाले, "इश. ब्रिंग. दिर्स."

पाणी तळहातावर पडलं.

रामण्णांना जर्मन येत नव्हतं. पण त्यांचे डोळे वर आले. त्यांनी हळूच विचारलं, "ब्रिंदिस?"

अप्पांनी मान डोलावली.

मग ते घडलं ज्याला मी गेले चार दिवस घाबरत होते. रामण्णा उठले. गुडघे वाजले, पाट सरकला, आणि तो एवढा मोठा माणूस भरल्या पंगतीत उभा राहिला. हातात पेला नव्हता. ओंजळ होती, अर्धी. ती त्यांनी दिव्यासारखी उंच धरली आणि त्यांच्या बोटांतून पाणी मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळू लागलं. ते फार बोलले नाहीत. मला एकेक नाव तेवढं कळलं. मुक्ता. आंद्रेस. मग थांबले आणि म्हणाले, पिलार.

अप्पा त्यांच्यासमोर होते. त्यांनी वर बघितलं, त्या उंच हाताकडे, आणि त्या घटकेला त्यांना कोण दिसलं असेल ते मला आणि शकूला ठाऊक आहे. हातातलं पाणी संपलं होतं. अप्पांनी टाचा उंचावल्या, पळी पुन्हा भरली आणि त्या वर धरलेल्या तळहातावर पुन्हा घातली. रामण्णांनी ते तोंडाला लावलं.

शेवटच्या पानावर अप्पांचे एक जुने विद्यार्थी बसले होते. परदेशी व्याह्यांचा श्लोक संपला, एवढंच त्यांना समजलं. त्यांनी सवयीने आरोळी ठोकली आणि सगळ्या पंगतीने गजर केला, "हर हर महादेव." रामण्णांनी दचकून सभोवार पाहिलं, मग छातीवर हात ठेवून चारी बाजूंना वाकले आणि खाली बसले. भुकेजलेले हात पानांकडे वळले. माझ्या शेजारी रोझी टीचरनी आधी चित्रान्नाचा घास घेतला आणि मग डोळे पुसले.

शकू अप्पांजवळ गेली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर ही संधी सोडेल ती बायको कसली? सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने तिने विचारलं, "अहो, वर गेलं की हो. तुम्ही उठणार होतात ना?"

अप्पा पुढच्या पानाकडे वळले होते. पळी तांब्यात बुडवली, रिकाम्या पाटाकडे बोट केलं, आणि मळमड्डीच्या शेवटच्या घरापर्यंत जाईल असा त्यांचा वर्गातला आवाज लागला:

"उठायला मी बसलोय कुठं!"